म्हातारा कोमट झाला ती दुपार

१

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी मी फ्रीझर उघडला, तिसऱ्या कप्प्यातली निळी पेटी ओढली, झाकण काढलं. आत नळी नव्हती.

त्या पेटीत ठेवलेली एकच नळी होती. करंगळीच्या पेराएवढी, लाल टोपणाची, तळाला पाण्यासारखा नितळ थेंबभर द्रव. बारा वाजायला वीस मिनिटं असताना मी स्वतःच्या हाताने ती तिथे ठेवली होती. बावीस वर्षं मी या संशोधन केंद्रात नळ्या धुते, भरते, मोजते. माझ्या हातून आजवर एक नळी फुटली नाही की हरवली नाही, आणि हे मी कुणालाही ताठ मानेने सांगते.

माझं नाव आनान सुमिए. आमचं गाव युगासाको, डोंगराच्या कुशीत, जमिनीतून जिथे तिथे वाफ येते. गावाचा मुख्य झरा ओकिना, म्हणजे म्हातारा. उगमाशी त्याचं पाणी शहाण्णव अंशांवर उकळतं. लाकडी पन्हळीतून, तीन दगडी हौदांतून आणि बांबूच्या जाळीवरून निवत निवत ते स्नानघरात येतं, तेव्हा चव्वेचाळीस अंश असतं. तेही असं की पाहुण्याने पाय घातला तर तो तसाच परत काढतो. आम्ही मात्र मानेपर्यंत बसतो.

नळीत होतं ते या म्हाताऱ्याच्या पोटातल्या जंतूचं एक प्रथिन. डीएनए म्हणजे दोन धाग्यांचा पीळ. नक्कल करायची तर तो उलगडावा लागतो, आणि सुटलेला एकेरी धागा मोठा बेभरवशाचा. स्वतःतच गुंततो, गाठी पडतात. म्हणून प्रत्येक जिवाकडे त्या धाग्याला धरून सरळ ठेवणारं एक प्रथिन असतं. लहानपणी आई लोकरीचा गोळा करायची तेव्हा मी दोन्ही हात पुढे करून लड धरून बसायचे, तसं. इतरांचं हे प्रथिन तापवलं तर बहुधा अंड्यासारखं थिजतं. ओकिनातल्या जंतूचं थिजत नाही. त्याचा जन्मच उकळत्या पाण्यातला. रोगाचा जेमतेम माग असलेल्या रक्तातून तो माग वाढवून दाखवणारी पीसीआरची मशीनं सगळ्यांना माहीत आहेत. ती पुन्हा पुन्हा तापतात. तिथे आमचं प्रथिन टाकलं की जे दिसत नव्हतं ते दिसू लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता नगरपरिषदेचे अकरा सभासद ते बघायला येणार होते. ओकिनाचं तोंड काँक्रीटने बंद करून पाणी खालच्या नव्या हॉटेलला वळवायचा ठराव त्यांच्यापुढे होता. प्रयोग जमला तर झरा राहणार, नाही जमला तर म्हातारा बंद. बाकीच्या नळ्या चाचण्यांत संपल्या होत्या. नवी नळी तयार करायला तीन आठवडे लागतात आणि आमच्या हातात एकच दिवस होता.

मी रिकामी पेटी हातात धरून उभी राहिले. दुपारच्या जेवणातलं अंडं अजून जिभेवर होतं. स्नानघर सांभाळणाऱ्या हिमेनो आजी रोज सगळ्यांच्या जेवणाची अंडी जाळीत घालून तिसऱ्या हौदात सोडतात. आज त्यांचा पांढरा भागही कच्चा राहिला होता. कधी नव्हे ते.

मागून हातानो सेन्सेई, म्हणजे हातानो सर, आले, आमच्या केंद्राचे प्रमुख. त्यांनी पेटीत पाहिलं, मग माझ्याकडे.

"सुमिएसान," ते हळू म्हणाले, "शेवटचा हात तुमचा होता ना?"

२

तो प्रश्न मला किती लागला हे सांगायला नको. पण मी रडले नाही. मी म्हटलं, "हो, माझाच. म्हणून नळी शोधून द्यायचीही मीच."

फ्रीझरच्या खोलीला आकडे दाबायचं कुलूप आहे. आकडे तिघांना ठाऊक: सेन्सेई, त्यांचे सहकारी एतो माकिओ, आणि मी. चौथा कुवाबारा. हॉटेलवाल्यांचा माणूस, आठवडाभर गावात मुक्काम ठोकून होता. सकाळी सेन्सेईंनी त्याला केंद्र दाखवताना त्याच्यासमोरच आकडे दाबले होते. सेन्सेईंना विद्वत्ता भरपूर, पण व्यवहारात ते अगदी भोळे.

बारा वाजता आम्ही सगळे स्नानघरात होतो. युगासाकोत जेवणाआधी आंघोळ हा नेम आहे. दारात खिळे आहेत, प्रत्येकाची नावाची लाकडी पाटी असते. आत जाताना ती खिळ्यावर टांगायची, बाहेर येताना काढायची. पाहुण्यालाही पाटी मिळते. त्या दिवशी बारा ते साडेबारा चौघांच्याही पाट्या खिळ्यावर होत्या, हिमेनो आजींनी स्वतः पाहिल्या होत्या. त्याआधी आणि नंतर जेवताना आम्ही एकमेकांच्या नजरेसमोरच होतो, म्हणजे पाट्या खऱ्या मानल्या तर फ्रीझरपाशी कोणीच नव्हतं.

सेन्सेईंनी पोलिसांना कळवू दिलं नाही. "उद्या सभासद यायच्या आत गावभर बोभाटा झाला तर संपलंच," ते म्हणाले. कुवाबाराला मुक्कामावरून बोलावून घेतलं, दार लावलं, कोणालाही बाहेर सोडलं नाही, आणि झडती सुरू झाली.

खिसे उलटे झाले. पिशव्या रिकाम्या झाल्या. केंद्रातले चारही फ्रीझर, बर्फाचं मशीन, चहाच्या खोलीतला फ्रिज, सगळं उपसलं. कुवाबाराच्या खोलीतला छोटा फ्रिज उघडायला मी सरायच्या मालकिणीला फोन केला. आत दुधाची एक बाटली निघाली. सेन्सेईंच्या गाडीत बर्फाने भरलेला डबा सापडला तेव्हा आम्ही सगळे श्वास रोखून भोवती जमलो. एतोसाननी झाकण काढलं. आत दोन बांगडे होते.

"बायकोने सांगितले होते," सेन्सेई म्हणाले आणि कानापर्यंत लाल झाले.

साडेतीन वाजले. कुवाबारा खुर्चीत रेलून बसला होता. "उद्या दहा वाजता अकरा जणांना तुम्ही रिकामी पेटी दाखवणार वाटतं," तो म्हणाला. "मी पुढची खुर्ची धरून ठेवतो."

मी फोन उचलला आणि तोकुजीसानना लावला.

३

शुतो तोकुजी, वय एकाहत्तर. तीस वर्षं गावच्या चौकीवर हवालदार होते, निवृत्त झाल्यावर बापाचं काम हाती घेतलं. ते ओकिनाचे राखणदार. पन्हळी साफ करायच्या, उगमाशी असलेली फळी वर-खाली करून धार कमीजास्त करायची, आणि स्नानघरातलं पाणी दिवसातून दोनदा मापायचं. मापायला त्यांना थर्मामीटर लागत नाही. कोपर बुडवतात आणि अर्ध्या अंशापर्यंत बरोबर सांगतात. नात्याने ते माझ्या मृत नवऱ्याचे चुलतभाऊ.

ते आले तेव्हा हात पुसत होते. त्यांचे हात कायमचे गंजाच्या रंगाचे. झऱ्यातलं लोखंड त्या फळीवर बसतं आणि फळीला हात लावणाऱ्याच्या नखांत दोन-दोन दिवस राहतं.

"काय गं सुमी, तोंड का असं?"

मी सगळं सांगितलं.

"कुठे कुठे शोधलंत?"

"सगळीकडे. चारही फ्रीझर, बर्फाचं मशीन, फ्रिज..."

"म्हणजे थंडीत."

"मग काय उन्हात शोधू? प्रथिन आहे ते, तोकुजीसान. बर्फाबाहेर काढलं की मी धावत सुटते."

त्यांनी हात पुसायचं थांबवलं. मग म्हणाले, "एकेकाला पाठव. मी प्रत्येकाला एकच गोष्ट विचारणार."

"कोणती?"

"आज म्हातारा कसा होता."

मला वाटलं, वय झालं यांचं. नळी गेली, झरा जायची वेळ आली, आणि हे विचारणार पाणी कसं होतं. पण मी चहाचा ट्रे घेऊन त्या खोलीत जा-ये करत राहिले आणि सगळं ऐकलं.

४

पहिले सेन्सेई आले. त्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं.

"तोकुजीसान, वाईट वाटून घेऊ नका. पण आज पाणी... जरा निवलेलं होतं. आधी अंग धूत बसलो होतो, मग उतरलो तो पाचच मिनिटांत पाण्याबाहेर आलो. शिंकाही आल्या."

"एतोसान होते तुमच्याबरोबर?"

"होते ना. म्हणजे, ते वाफेच्या खोलीत असतील. ती एकाच माणसापुरती, दार लावलेलं होतं. मी वाकून पाहिलं नाही."

मग कुवाबारा. तो बसलाच नाही.

"कसं होतं म्हणजे? यालाच तुम्ही उकळता झरा म्हणता? माझ्या घरच्या नळाला याहून गरम पाणी येतं. उद्या सभेत मी हेच सांगणार आहे. म्हातारा आधीच गार पडलाय, मी फक्त वर झाकण घालतोय."

तोकुजीसानच्या जबड्याचा स्नायू हलला. पण आवाज चढला नाही. "सांगा. जरूर सांगा," ते म्हणाले.

मग एतोसान. एतो माकिओंबद्दल मला आधी एक सांगायला हवं. ते ओसाकाचे, पण आठ वर्षं इथे राहिलेले. उगमाच्या कडेचा चिखल त्यांनी स्वतःच्या हाताने काढला होता आणि तेव्हा भाजल्याची खूण मनगटावर अजून आहे. जंतू वाढवला तो त्यांनी, प्रथिन वेगळं काढलं तेही त्यांनी. मी बरोबर होते, तापवायला, गाळायला. प्रथिनाचं जनुक रोजच्या वापरातल्या साध्या जंतूत घालून आम्ही ते बनवायचो; त्या जंतूंचा रस सत्तर अंशांवर धरला की त्यांची बाकीची सगळी प्रथिनं दुधासारखी फाटून खाली बसायची आणि वर आमचं एकटं नितळ राहायचं. पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा आम्ही दोघं काही न बोलता नुसते बघत बसलो होतो. आणि उद्याच्या सभेसाठी जो फलक छापून आला होता, त्यावर एकच नाव होतं: प्राध्यापक हातानो.

एतोसान आत आले, हातात लॅबचे रबरी मोजे तसेच. झडतीत सामान हाताळायला आम्ही सगळ्यांनीच घातले होते, पण बाकीच्यांनी कधीच काढून टाकले होते.

"आज म्हातारा कसा होता?"

"नेहमीसारखाच," ते हसून म्हणाले. "पाय टाकला आणि चटका बसला. मान अजून लाल असेल बघा."

तोकुजीसाननी मान डोलावली. "बरं वाटलं ऐकून."

एतोसान गेल्यावर ते माझ्याकडे वळले. "आणि तू? तुला कसा वाटला?"

मी ट्रे खाली ठेवला. मला सांगायची लाज वाटत होती. दुपारी स्नानघराच्या फाटकात फुकुओकाचं एक जोडपं भेटलं होतं. बाईने विचारलं, पाणी कसं आहे हो? मी अंगावर काटा आलेला असताना म्हटलं होतं, कडकडीत.

"कोमट होता," मी म्हटलं. "बायकांच्या बाजूलाही. मी कुडकुडत बाहेर आले."

"मग मला लगेच का नाही सांगितलंस?"

"सांगणारच होते. तेवढ्यात नळी गेली."

"बाकी सहा जण येऊन सांगून गेले, त्यात तुझ्या हिमेनो आजी पहिल्या. अंडी कच्ची राहिली म्हणून माझ्याशी भांडल्या." ते उठले. "सगळ्यांना एका खोलीत बोलाव, सुमी. आणि घड्याळ सगळ्यांना दिसेल असं ठेव."

५

सव्वापाच झाले होते. खिडकीबाहेर गावच्या वाफा तांबूस दिसत होत्या. आम्ही चौघं मोठ्या टेबलाभोवती बसलो. तोकुजीसान उभेच होते.

"नळीचं मला काही कळत नाही," त्यांनी सुरुवात केली. "मला पाण्याचं कळतं. आज दुपारी कोणीतरी उगमाची फळी अर्धी खाली दाबली. धार बारीक झाली, पाणी पन्हळीतून रेंगाळत आलं, हौद निवले, आंघोळ कोमट झाली."

"पोरांचे उद्योग असतील," सेन्सेई म्हणाले.

"असतील. लोक तक्रार घेऊन आले तसा मी वर गेलो आणि फळी ओढली. ओढली ती चांगली वरपर्यंत ओढली, म्हटलं म्हाताऱ्याची अब्रू भरून निघू दे. आता पहिल्या हौदात बुडबुडे येतायत. दुसऱ्यात नव्वदच्या वर असेल."

सेन्सेई घड्याळाकडे बघत होते, पण ते तर दुपारपासून तेच करत होते. कुवाबारा जांभई देत होता. मी तोकुजीसानकडे बघत होते, हे आता कुठे निघाले म्हणून.

एतोसान मात्र उभे राहिले होते.

"किती वाजता?" त्यांनी विचारलं.

"काय किती वाजता?"

"फळी. किती वाजता ओढलीत?"

एतोसानना आपण काय विचारलं ते कळलं असावं, कारण त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. पण प्रश्न काही परत घेतला नाही.

"दीडला," तोकुजीसान म्हणाले.

एतोसानचे ओठ हलले. ते तास मोजत होते.

"तुमचं सहा तासांचं ना?" तोकुजीसाननी विचारलं, आणि त्यांच्या आवाजात रागापेक्षा दुसरंच काहीतरी होतं. "मीच तुम्हाला विचारलं होतं एकदा, माझ्या झऱ्यातलं ते किती तग धरतं म्हणून. पंचाहत्तर अंशांत कितीही दिवस, नव्वदच्या वर सहा तास. चांगलं लक्षात आहे माझ्या. हातमोजे काढा, माकिओसान."

त्यांनी ते सावकाश काढले. दहाही नखं गंजाच्या रंगाची होती.

६

"थांबा," सेन्सेई म्हणाले. त्यांचा विश्वास बसत नव्हता. "एतोसान आंघोळीला होते. पाटी होती खिळ्यावर."

"पाटी होती, माणूस नव्हता. आत आले, पाटी टांगली, कपडे बदलायच्या खोलीच्या मागच्या दाराने बाहेर. तुम्हाला वाटलं ते वाफेच्या खोलीत आहेत. केंद्रात जाऊन नळी घेतली, मागच्या वाटेने वर गेले, पहिला हौद फार तापतो आणि तिसऱ्यात आजींची जाळी असते म्हणून दुसऱ्या हौदात सोडली, फळी दाबली, परत येऊन पाटी काढली. सगळं नीट जमलं. फक्त पाण्यात उतरायचं राहिलं. आणि पाणी त्यांनी स्वतःच निववलं होतं, हे त्यांना सुचलंच नाही."

"पण कोमट होतं हे कोणीही लपवेल," मी मध्येच म्हटलं. का कोण जाणे, मला एतोसानच्या बाजूने बोलावंसं वाटत होतं. "मीसुद्धा त्या जोडप्याला कडकडीत म्हणून सांगितलं."

"परक्याला सांगितलंस, गं. परक्याला आपण कोणीच सांगत नाही. मला सांगितलंस का? आठ वर्षं हा माणूस अर्धा अंश कमी झाला तर माझ्या दाराशी येऊन उभा राहतो. आजच मला म्हणतो चटका बसला." ते सेन्सेईंकडे वळले. "आणि तुम्ही. चार फ्रीझर उपसलेत, बांगडे काढलेत. जे उकळत्या पाण्यात जन्माला आलं, ते तुम्ही बर्फात शोधत बसलात."

सेन्सेईंनी नजर खाली केली. मीही खाली बघितलं. बावीस वर्षांत हाताला जी सवय लागली होती, तिने डोक्याला काही बोलूच दिलं नव्हतं.

"यांनी मला ओसाकात स्वतःची लॅब देऊ केली होती," एतोसान म्हणाले. यांनी म्हणजे कुवाबाराने, हे त्यांना बोटाने दाखवावं लागलं नाही. "उद्याचा प्रयोग झाला नाही तर. नळी पुढच्या आठवड्यात मी तिकडे घेऊन जाणार होतो."

"मी असलं काहीही..." कुवाबारा उठला.

"बसा," तोकुजीसान म्हणाले, हवालदाराच्या आवाजात. तो बसला.

"मोरीत ओतली असती तर कोणालाच कधी कळलं नसतं," मी म्हटलं. मला राहवलं नाही. "का नाही ओतलीत, एतोसान?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पोटचं पोर मोरीत टाकायला सांगितलं होतं.

"तुम्ही ओतली असतीत?" ते म्हणाले.

मग मला समजलं की फळी दाबायची त्यांना काहीच गरज नव्हती. नळी नेहमीच्या तापलेल्या हौदातही कोणी शोधली नसती. नुसती सोडून निघून गेले असते तर आंघोळ कडकडीत राहिली असती, अंडी शिजली असती, आणि आम्ही आजही फ्रीझरच उपसत बसलो असतो. पण प्रथिन खराब होईल या काळजीने ते वर चढले आणि त्यांनी फळीला हात लावला. त्या काळजीनेच त्यांना धरून दिलं.

"पावणेचार तास झालेत," ते म्हणाले. "मला वर जाऊ द्या. सव्वादोन तास उरलेत. माझ्याशी काय करायचं ते नंतर करा."

७

आम्ही चौघं वर गेलो. वाट वाफेने भरलेली होती, पण एतोसानना ती डोळे मिटून येते. तोकुजीसान आणि त्यांनी मिळून दुसऱ्या हौदावरचा दगड सरकवला. चिमट्याने जाळीची छोटी पिशवी वर आली, आत लाल टोपणाची नळी. मी ती रुमालात घेतली. हाताला चटका बसत होता तरी सोडली नाही. उजेडासमोर धरली.

नितळ होती. केसाएवढीही गढूळ रेघ नव्हती.

"चांगली आहे का?" सेन्सेईंनी विचारलं.

"नितळ आहे म्हणजे थिजलेली नाही," एतोसान म्हणाले. "काम करते का, ते मशीनवर कळेल."

सकाळी सात वाजता मी त्यातला थेंब घेतला. दोन नळ्या लावल्या, दोन्हींत रोगाचा जेमतेम माग, एकीत आमचं प्रथिन, दुसरीत नाही. शेजारी एका भांड्यात रोजच्या वापरातल्या जंतूंचा गाळीव रस तापवायला ठेवला, सभासदांना दिसावं म्हणून. त्याला फारसा वेळ लागला नाही. थिजून पांढरा झाला, हिमेनो आजींच्या अंड्यासारखा.

दहा वाजता अकरा सभासद आले, तेव्हा मशीन थांबलं होतं. सेन्सेई त्यांच्यासमोर उभे राहिले. त्यांच्या मागे फलक होता. छापील नाव होतं तसंच होतं, पण खाली त्यांच्याच गिचमिड अक्षरात शाईने दोन नावं वाढली होती: एतो माकिओ, आनान सुमिए.

आदल्या संध्याकाळी मी सेन्सेईंना म्हटलं होतं, चोरी एतोसानची आहे हे खरं, पण शोधही त्यांचाच आहे. सेन्सेई रात्रभर झोपले नसावेत.

"प्रयोगात आम्ही हे प्रथिन अर्धा तास झऱ्यात ठेवून दाखवणार होतो," सेन्सेई म्हणाले. "काही कारणाने ते काल दुपारपासून संध्याकाळपर्यंत तिथेच राहिलं. जवळजवळ चार तास, नव्वद अंशांच्या वर. कारण मी सांगणार नाही. नंतर काय झालं ते सुमिएसान दाखवतील."

दोन्ही नळ्यांतला द्रव ज्यातून सरकवला होता तो जेलीचा पाटा मी उजेडावर ठेवला. प्रथिनाशिवायच्या नळीच्या रांगेत काहीच दिसत नव्हतं. शेजारच्या रांगेत पट्टी झगझगत होती, इतकी ठळक की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या सभासदाने चष्मा न लावता बोट दाखवलं. माझा ऊर भरून आला, आणि ते मी लपवलं नाही.

कुवाबाराने हात वर केला. "पण झरा गार पडत चाललाय, हे सभासदांना माहीत असायला हवं. मी काल स्वतः उतरलो होतो."

कोणी काही बोलायच्या आत मागून आवाज आला. तोकुजीसान दारात उभे होते, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

"मग आज पुन्हा उतरा," ते म्हणाले. "मंडळी, तुम्हीही चला. टॉवेल माझ्याकडून."

अकराही जण गेले. गावातल्या माणसाला दुपारच्या आंघोळीला बोलावलं तर तो नाही म्हणत नाही. कुवाबाराने पाय घातला, ओरडला आणि तसाच परत काढला. सभासद मानेपर्यंत बसले. ठराव पडला, आठ विरुद्ध तीन.

एतोसान दुसऱ्या दिवशी गेले. ओसाकाला नाही, ती लॅब काही त्यांनी घेतली नाही. सेन्सेईंनी पोलिसांत कळवलं नाही, पण इथे राहा असंही म्हटलं नाही. बस यायच्या आधी ते स्नानघराच्या दारात उभे राहून खिळ्यांकडे बघत होते. तोकुजीसान बाहेर आले आणि त्यांची पाटी त्यांच्या हातात ठेवली.

"घेऊन जा," ते म्हणाले. "खिळा मी तसाच ठेवतोय. पुढच्या वेळी पाटी टांगलीस तर आत उतरायचं."

एतोसाननी पाटी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि कमरेतून वाकून नमस्कार केला. पुष्कळ वेळ ते वाकलेलेच होते.

बस वळणावर दिसेनाशी झाली, तेव्हा फाटकाशी एक बाई टॉवेल घेऊन उभी होती. फुकुओकाचीच, परवाची. नवरा मागे बूट सोडत होता.

"आज परत आलोय," ती जरा संकोचून म्हणाली. "परवा तुम्ही सांगितलंत, पण आम्हाला तेवढं... पाणी आज कसं आहे?"

"कडकडीत," मी म्हटलं, आणि तिच्या डोळ्यांत बघून म्हटलं.